चिठ्ठीतले मन

मिटलेली चिठ्ठी कपाळाला लावून मनातले ओळखणारा कोणी गावात आला, की गळ्यात इष्टलिंग असूनही आपण त्याच्यापुढे हात जोडतो. ही ‘विद्या’ मठाच्या बालवर्गात पाच मिनिटांत शिकवता येते. मुलांनी एकेक फळ लिहून चिठ्ठीची घडी करावी. एका मुलाला आधीच सामील करून घ्यावे. त्याची खुणेची चिठ्ठी सर्वांत खाली. वरची चिठ्ठी कपाळाला लावून गुरुजींनी म्हणावे, “आंबा!” सामील मुलगा ओरडतो, “माझीच!” खात्रीच्या मिषाने गुरुजी ती उघडतात. आत असते ‘फणस’. ते मनात ठेवून दुसरी चिठ्ठी कपाळाला लावायची आणि म्हणायचे, “फणस!” असे शेवटपर्यंत.

शून्यसंपादनेत गोरक्षाच्या वज्रदेहाच्या सिद्धीलाही अल्लमप्रभू मोठेपण देत नाहीत; ही तर नुसती हातचलाखी. पण तिच्यापायी कोणी आजाऱ्याचे औषध थांबवतो, कोणी दागिना गहाण टाकतो. म्हणून खेळ संपताच, त्याच दिवशी, सामील मुलाला पुढे उभे करून गुपित फोडावे. ते दडवून चार दिवस मोठेपण मिरवू पाहणाऱ्या गुरुजींकडे वर्ग देऊ नये.