फळ कुणाचं?

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या मामांचा सुरतेहून फोन आला. "पेपर नीट दे, फळाची चिंता करू नको," असं त्यांनी मायेनं सांगितलं. फोन ठेवून ती आमच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "आप्पा, फळाची चिंताच करायची नाही, तर मग फॉर्म कशाला भरला?"

देवपूरच्या आमच्या गल्लीतली ही मुलगी. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिवणकाम करते. बी. ए. झाल्यावर तीन वर्षांच्या एलएल. बी.साठी राज्याची सीईटी द्यायचं तिनं ठरवलं. मी धुळ्याच्या न्यायालयात नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. रोजनामे, वकीलपत्रं, कैफियती, नकलांचे अर्ज यांत आयुष्य गेलं, पण कायदा पहिल्या पानापासून शिकायचं राहूनच गेलं होतं. या परीक्षेला वयाची अट नाही, म्हणून मीही फॉर्म भरला आणि हिवाळाभर आम्ही दोघं एकाच ओट्यावर अभ्यासाला बसलो. घटनेची कलमं, चालू घडामोडी, तर्काचे प्रश्न हे सगळं तिला पटापट जमे. अडे ती इंग्रजीपाशी. या परीक्षेत एक तृतीयांश प्रश्न इंग्रजी भाषेचे असतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी अशा मुलीला परीक्षेचा तेवढा भाग परक्या मुलखातला वाटतो. ती तो रोज पुन्हा काढून बसे.

तिच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी धड उत्तर दिलं नाही. "आधी जेव, झोप," एवढंच म्हणालो. पण प्रश्न खरा होता, आणि तो विचारण्यासाठी धुळ्यासारखं दुसरं गाव नाही.

कारण फळ सोडण्याची गोष्ट मराठीत सर्वांत साध्या शब्दांत सांगितली गेली ती इथेच, धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली सविनय कायदेभंगाचे कैदी इथे होते. विनोबा भावे त्यांतले एक. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, आणि लिहून घेत होते साने गुरुजी. ते टिपण नसतं, तर 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आलं नसतं. माझ्या वडिलांजवळ त्याची जुनी प्रत होती. तीच मी आजही वाचतो. विनोबांचं म्हणणं थोडक्यात असं की, फळावर डोळा ठेवणाऱ्याची पुष्कळशी शक्ती फळाच्या विचारातच खर्च होते. फळ सोडणाऱ्याची सगळी शक्ती कामात उतरते, म्हणून त्याचं काम अधिक चोख होतं. फळ सोडणं म्हणजे काम ढिलं सोडणं, असा अर्थ त्यांनी कुठेही केलेला नाही.

पण मुलीची अडचण याच्याही अलीकडची आहे. शेतकरी कापूस लावतो, तेव्हा भाव पडला तरी कापूस पिकलेला असतो. कुणाच्या तरी अंगावर तो कापड होऊन जातोच. शिक्षकाचं शिकवणं, परिचारिकेची शुश्रूषा यांनाही स्वतःचा अर्थ आहे. प्रवेश परीक्षेचं तसं नाही. दोन तास संगणकासमोर बसून चार पर्यायांतला एक निवडत जायचं, या कृतीला फळ वगळलं तर उरतं काय? कुणी ती स्वतःच्या आनंदासाठी देत नाही. फळासाठीच निर्माण झालेल्या कर्मातून फळाची इच्छा काढून घ्या म्हणणं म्हणजे गीतेचा उपदेश भलत्याच जागी लावणं तर होत नाही ना?

इथे विनोबांचं स्वतःचं आयुष्य पाहावं. १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. शाळेची प्रमाणपत्रं त्यांनी त्याआधीच चुलीत घातली होती. म्हणजे ज्या माणसानं आपल्याला फलत्याग शिकवला, त्यानं परीक्षा निष्काम बुद्धीनं दिली नाही; ती दिलीच नाही. मला यातला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. जे फळ नको होतं, त्यासाठीचं कर्मही त्यांनी टाकून दिलं. फॉर्म भरून, पेपर देऊन वर 'मला काही नको' असं ते म्हणत बसले नाहीत. तेव्हा आमच्या मुलीचा प्रश्न विनोबांच्या वागण्याशी विसंगत नाही. फॉर्म भरणाऱ्यानं फळ मागितलेलं आहे. ते तसं मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांची. धुळ्याच्या तुरुंगात ती प्रवचनं ऐकणारे लोक आधीच किंमत मोजून आलेले होते. साने गुरुजींनी १९३० साली अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली होती. स्वराज्य कधी येईल, आपल्या हयातीत येईल का, हे त्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा माणसांनी एकमेकांना 'फळ आपल्या हाती नाही' असं सांगण्याला वजन आहे. ज्याचं सगळं स्थिरस्थावर झालं आहे, त्यानं तेच वाक्य रिक्षावाल्याच्या मुलीला सांगावं, तेव्हा शब्द तेच राहतात, पण बोलणाऱ्यानं त्यासाठी काहीही मोजलेलं नसतं. मामांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्या वाक्यानं मुलीवर आणखी एक ओझं ठेवलं: आता तिला वाटणारी भीती हीसुद्धा तिची आध्यात्मिक उणीव ठरली.

याच धुळ्यात पाच वर्षांनी दुसरे एक गृहस्थ आले. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी इथल्या न्यायालयात आले. तेव्हा ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते उतरले होते त्या ट्रॅव्हलर्स बंगल्याला आज लोक संदेशभूमी म्हणतात, आणि दर ३१ जुलैला तिथे अभिवादनाला गर्दी होते. नोकरीत असताना त्या दिवशी कामावर जाताना माझ्या मनात नेहमी एकच विचार येई: गीतेतल्या फलत्यागाला सर्वांत कडक प्रश्न विचारणारा माणूस या गावात वकील म्हणून उभा राहिला. गीतेनं चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार दिला, असा बाबासाहेबांचा स्पष्ट आरोप होता. जन्मानं ठरलेलं काम करत राहा आणि फळ मागू नका, असं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं, त्यांच्या दृष्टीनं फलत्याग हा उपदेश नव्हता, वाटेतला अडसर होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून यावं लागलेला माणूस पुन्हा तिथे गेला आणि १९२२ साली बॅरिस्टर झाला, तो फळाचा हट्ट धरला म्हणूनच.

शिवाय वकिलाचं काम पाहा. वकील ज्या फळासाठी झगडतो, ते त्याचं नसतंच. ते पक्षकाराचं असतं. पक्षकाराचं फळ सोडून देण्याचा अधिकार वकिलाला कुणी दिला? तयारी न करता आलेल्या माणसाला निकालानंतर "शेवटी आपल्या हातात काय असतं?" असं म्हणताना मी ऐकलं आहे. आणि पूर्ण तयारीनं हरलेल्यांनाही पाहिलं आहे. ते हरल्याच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकतात, कारण जिल्हा न्यायालयात अपील करायला तीसच दिवस मिळतात. कायद्याचं तत्त्वज्ञान या तीस दिवसांत आहे, असं मला वाटतं. मिळालेलं फळ चुकीचं असू शकतं, ते पुन्हा तपासून मागता येतं, हे कायदा गृहीत धरतो. ज्या विद्येचा पायाच असा आहे, तिच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला फळाबद्दल उदासीन राहायला सांगणं बरं नव्हे.

मग विनोबा चुकले का? मला तसं वाटत नाही, आणि याची खात्री मला परीक्षेनंच दिली.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत आम्ही एसटीनं जळगावला गेलो. केंद्र शहराबाहेर, उन्हाळा ऐन भरात. रांगेत उभं राहून हॉल तिकीट, ओळखपत्र दाखवून पोरं आत जात होती. हातातल्या चिठ्ठीवरून शेवटची नजर फिरवत होती. गाडीत तिनं विचारलं होतं, "ज्याचं उत्तर येत नाही तिथंही टिक करायचं का?" या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये पाव गुण जातो. म्हणजे इथे अंदाज ठोकणं फायद्याचं. पण तिला खटकत होतं: माहीत नसताना माहीत असल्यासारखं दाखवायचं, तेही कायद्याच्या परीक्षेत? मी तिला सांगितलं ते आजही मला योग्य वाटतं. पेपर तुला 'निवड' म्हणतो, 'शपथेवर सांग' म्हणत नाही; म्हणून टिक कर. मात्र अंदाजानं सोडवलेले प्रश्न ध्यानात ठेव आणि घरी गेल्यावर त्यांची उत्तरं शोध. गुण मिळाला म्हणजे ज्ञान मिळालं, असं समजायचं नाही. तिनं तसं केलं. निकाल लागायच्या आधी, ज्यांचा आता एकही गुण मिळणार नव्हता, ती उत्तरं ती पुस्तकांत शोधत होती. विनोबा म्हणतात तो फलत्याग मला तिथे प्रत्यक्ष दिसला, आणि तो कुणी उपदेश केल्यामुळे आला नव्हता. तिला विषयाची गोडी लागली होती.

आणखी एक. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. आपण किती प्रश्न बरोबर सोडवले यावर सगळं ठरत नाही. इतर हजारो जणांनी काय केलं, यावरही ठरतं. 'फळ तुझ्या हाती नाही' हे इथे अध्यात्म राहत नाही. ती हिशेबाची रीत आहे. म्हणून शेवटचं बटण दाबल्यानंतर चिंता सोडायला सांगणं रास्त. त्याआधी नाही. घरी पोचल्यावर तिच्या आजीनं अहिराणीत एवढंच विचारलं, "पेपर कसा गया व माय?" आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढलं. मला ते आजीचं वागणं मामांच्या वाक्यापेक्षा गीतेच्या जास्त जवळचं वाटलं.

तिला वकील का व्हायचं आहे, हेही सांगायला हवं. वडिलांच्या अपघाताच्या भरपाईचा दावा एका न्यायाधिकरणात चालला होता. निकालाची नक्कल हातात आली ती इंग्रजीत, आणि घरात कुणाला ती वाचता येईना. पैसे किती मंजूर झाले, व्याज कधीपासून, हे कळायला त्यांना दुसऱ्याच्या दारी जावं लागलं. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असावी, हे शासनानं १९९८ साली अधिसूचनेनं ठरवलं, तरी इंग्रजी कागद अजून येतातच. असा कागद आपल्या गल्लीत आपण वाचून दाखवायचा, ही तिची इच्छा. गीतेत लोकसंग्रह म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? या इच्छेला आसक्ती म्हणून हिणवता येणार नाही. सोडायचं असेल तर एवढंच सोडावं: जागा नाही मिळाली तर आपणच कमी दर्जाचे, ही समजूत. ते फळ परीक्षेचं नाही. ते आपण मागून चिकटवलेलं असतं.

निकाल लागला. पसंतीक्रम भरून तिला जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पदवीनंतर वकिली करायला अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागेल. २०११ पासून ती आहे. म्हणजे हे फळही पुढच्या कामाचं बीच ठरलं. तिच्या पदवीवर नाव असेल ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका शेतकरी बाईचं. मी मात्र प्रवेशफेरीत नाव घातलं नाही. जागा एखाद्या तरुणाला मिळावी असं वाटलं. याला कुणी त्याग म्हणू नये. मला पेन्शन आहे. ज्याचं पोट त्या फळावर नाही, त्यानं ते उचललं नाही तर त्यात निष्काम असं काही नाही. फलत्यागाचा खरा अधिकार ज्याला फळाची गरज आहे त्याचाच. आणि तो त्याग त्यानं आपल्या वेळी, आपल्या मनानं करायचा असतो.

म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वकीलमंडळींना, न्यायालयातून निवृत्त झालेल्या माझ्या सोबत्यांना आणि इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सीईटीला बसणाऱ्या पोरांना गीता सांगण्याआधी त्यांना इंग्रजीचा उतारा वाचायला शिकवा, फॉर्मची शेवटची तारीख सांगा, लागलीच तर फी भरा. दर रविवारी सकाळी दोन तास पुरतात. आमच्या देवपूरच्या ओट्यावर हे काम सुरू आहे. शिकवायला माणसं कमी पडतात.