अर्ध्या गोष्टीचे ऋण

श्रावणात कहाणी वाचून झाली की आमच्या घरातल्या बायका शेवटी 'सुफळ संपूर्ण' म्हणत. ते शब्द कानावर पडेपर्यंत हातातल्या अक्षता खाली ठेवायच्या नाहीत, असा दंडक होता. राणीचे दारिद्र्य फिटले, रुसलेला देव प्रसन्न झाला, हे तर आधीच कळलेले असे. मग हे दोन शब्द कशासाठी? मला वाटते, ती पावती होती. सांगणाऱ्याने जेवढे द्यायचे कबूल केले तेवढे दिले, आणि ऐकणाऱ्याने ते पदरात घेतले, अशी. गोष्ट सांगायला बसणे हे एक वचनच आहे, आणि वचन म्हटले की ते पुरे करण्याचा भार आलाच.

मग जी गोष्ट अर्ध्यावर सुटते तिचे काय? ती सांगणारा वचनभंगाचा दोषी धरायचा का? प्रश्न वरवर पाहता साहित्यातला वाटतो, पण जरा उकलून पाहिला की नीतीचा निघतो.

या विचाराला मला निमित्त झाली एक जपानी चित्रमालिका. सूरजागडच्या परिसरात मी मुलांना शिकवतो. आमच्याकडून पुढे शिकायला गेलेला एक माडिया मुलगा सुट्टीत आला होता, त्याने ती मला आपल्या मोबाईलवर दाखवली. मालिकेचे नाव 'फायर एम्ब्लेम'. जपानातल्या निन्टेंडो कंपनीने 1990 साली या नावाचा एक युद्धाचा खेळ काढला. त्याचा पुढचा एक भाग 1994 साली आला, आणि त्यावरून 1996 साली ही मालिका निघाली. दूरदर्शनसाठी ती केलेली नव्हती. थेट व्हिडिओ कॅसेटवर विकण्यासाठी केलेली होती. कथा मार्थ नावाच्या राजपुत्राची. त्याचे अल्टिया राज्य शत्रूने घेतले, तो टालिस नावाच्या बेटावर आश्रयाला राहिला आणि तिथून मूठभर सोबती घेऊन राज्य परत मिळवायला निघाला. निघाला, आणि मालिका थांबली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग झाले. तिसरा कधी आलाच नाही. ज्यांनी मुळातला खेळ खेळला होता त्यांना शेवट ठाऊक होता. इंग्रजीतून पाहणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. हा खेळ जपानबाहेर प्रथम विकला गेला तो 2003 साली, आणि तोही निराळ्याच कथेचा. मार्थची कथा खेळाच्या रूपाने इंग्रजीत यायला 2008 साल उजाडले. तोवर त्यांच्या लेखी राजपुत्र वाटेवरच उभा.

या खेळाची एक रीत त्या मुलाने मला समजावून दिली. बहुतेक खेळांत मेलेला गडी पुढच्या डावाला पुन्हा उठून उभा राहतो. या खेळात जो पडला तो पडला. तुमच्या चुकीने एखादा सोबती मेला, तर पुढच्या साऱ्या कथेत त्याची जागा रिकामी राहते. त्यामुळे राज्य परत मिळाले तरी ते मिळवताना कोण जगले आणि कोण गेले, याचा हिशेब दर खेळणाऱ्याचा वेगळा. एवढे सांगून तो म्हणाला, "सर, पुढचे भाग निघाले नाहीत तेच बरे झाले. जे संगे निघाले, ते सगळे अजून जिवंत आहेत."

दुसऱ्या कुठल्या गावच्या मुलाने हे म्हटले असते तर मी हसून सोडले असते. परंतु हा मुलगा सूरजागडचा. संगे निघालेल्यांतले किती परत येतात, हे या मुलखातल्या घराघराला ठाऊक आहे. अपुऱ्या गोष्टीत त्याला आसरा दिसला, यात नवल नाही. तरीही मला त्याचे म्हणणे पटले नाही. गोष्ट थांबली म्हणून युद्ध थांबत नाही; ते फक्त आपल्या नजरेआड होते.

अपुरेपणाच्याही जाती आहेत, आणि त्या एका तागडीत घालता येत नाहीत. चंद्रपुरात लालपेठ-भिवापूरच्या बाजूला उघड्यावर काही अवाढव्य पाषाणमूर्ती आहेत. त्या जागेला 'अपूर्ण देवालय' असेच म्हणतात. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या एका धनिकाने मोठे शिवालय बांधण्याच्या हेतूने त्या कोरवून घेतल्या आणि देवालय उभे राहण्यापूर्वीच तो वारला, असे सांगतात. इथे दोष कोणाला द्यावा? मृत्यूपुढे वचनाचे चालत नाही. पण त्या मूर्तींचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यांतली सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची. गाभारा नाही, पूजा नाही, कोण आहे हे सांगणारा कोणी उरला नाही. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणू लागले. करणारा गेला आणि पुढे कोणी हाती घेतले नाही, की देवीचासुद्धा रावण होतो. अपुऱ्या कामाला लोक आपापल्या समजुतीप्रमाणे पुरे करून टाकतात.

याच्या उलट उदाहरण आमच्या धंद्यातले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. दिवसा शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. ज्या शब्दाने मी माझे काम सांगतो तो 'कादंबरी' हा शब्दच मुळी एका अपुऱ्या ग्रंथाचे नाव आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या हातून पुरी झाली नाही. तो गेल्यावर उत्तरार्ध लिहिला तो त्याच्या मुलाने. मराठीने गोष्टीच्या एका साऱ्या जातीला नाव द्यायचे ठरवले तेव्हा नेमके हेच नाव उचलले, ही गोष्ट मला सूचक वाटते. बापाने धागा असा सोडला होता की मुलाच्या हाती तो सापडला. लालपेठच्या दगडांना असा मुलगा भेटला नाही.

कॅसेटवरच्या मालिकेची जात तिसरी. ती ना मृत्यूने तुटते ना आळसाने. पहिला भाग विकला गेला तर दुसरा, दुसरा विकला गेला तर तिसरा, असा तो व्यवहार. म्हणजे तिथे ऐकणाऱ्याचा हुंकार हा पैशाच्या रूपाने यावा लागतो. आपल्याकडेही गोष्ट चालते ती हुंकारावरच. हुंकार बंद पडला की सांगणारा थांबतो. म्हणून अपुऱ्या गोष्टीचे ऋण निम्मे ऐकणाऱ्याच्याही नावे मांडले पाहिजे.

इथे अभिमन्यू आठवल्यावाचून राहत नाही. चक्रव्यूहाची गोष्ट ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली, हुंकार थांबला, आणि पोटातल्या पोराला आत शिरण्याची वाट तेवढी कळली, असे लोककथा सांगते. व्यासांच्या महाभारतात झोपेचा प्रसंग नाही. तिथे अभिमन्यू सरळ सांगतो की वडिलांनी मला व्यूह फोडून आत जाणे शिकवले आहे, संकटात बाहेर पडणे शिकवलेले नाही. आणि हे ऐकूनही वडीलधारे म्हणतात, तू वाट कर, आम्ही मागून येतो. मला वाटते, पाप असेल तर ते या ठिकाणी आहे. शिकवणी अपुरी राहिली हा दैवाचा भाग झाला. ती अपुरी आहे हे ठाऊक असताना पोराला पुढे घालणे, हा माणसाचा.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरात लोखंडाचे दगड आहेत. 2007 साली खाणीचा पट्टा दिला गेला, डिसेंबर 2016 मध्ये इथे सत्तराहून अधिक गाड्या माओवाद्यांनी जाळल्या, आणि 2021 पासून खाण पुन्हा सुरू झाली. या सगळ्या काळात आमच्या पोरांना गोष्टी सांगणारे पुष्कळ आले. एकाने सांगितले, बंदूक घे, राज्य आपले होईल. दुसऱ्याने सांगितले, जमीन सोड, नोकरी मिळेल. तिसरा मी, मी सांगतो, शीक, मोठा होशील. तिन्ही गोष्टींत आत शिरण्याची वाट अगदी ठळक आहे. बाहेर पडण्याची वाट कोण सांगतो? ऑक्टोबर 2025 मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. माणूस साठी उलटल्यावर बाहेर पडला. त्याच्या गोष्टीतले जे मध्येच पडले, त्यांची जागा रिकामीच राहिली. खेळाची ती रीत इथे खरी आहे. खाण संपल्यावर डोंगराच्या जागी काय उरेल, आणि दहावी झालेल्या पोराने दहावीनंतर कुठे जायचे, हे भागही अजून कोणी काढलेले नाहीत.

म्हणून मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. गोष्ट अपुरी राहणे हा गुन्हा नव्हे. आयुष्य तोकडे आहे, पैसा संपतो, ऐकणारा झोपतो. गुन्हा अर्धी गोष्ट पुरी म्हणून खपवण्याचा. जिथे आपले ज्ञान थांबते तिथे थांबून 'इथवर मला ठाऊक आहे, पुढचे नाही' असे म्हणणाऱ्याचे ऋण निम्मे तरी फिटते, कारण धागा कुठे तुटला ते तो दाखवून जातो आणि पुढच्याला तो उचलता येतो. त्या जपानी मालिकेने हे नकळत पाळले आहे. तिने खोटा शेवट चिकटवला नाही. राजपुत्राला वाटेवर सोडले, आणि तो वाटेवर आहे हे कोणालाही दिसते.

मुलांना 'सुफळ संपूर्ण' ऐकवण्याची सोय माझ्याजवळ नाही. परंतु शिकण्याच्या वाटेवर पुढे कुठे खड्डा आहे, कुठे पूल वाहून गेला आहे, आणि कुठून परत फिरता येते, हे मला ठाऊक असेल तेवढे तरी मी सांगतो. ते सांगितल्याने गोष्टीची गोडी कमी होते, अशी तक्रार कोणी केली तर मी ती ऐकून घेईन. अक्षता हातात धरून बसलेल्या ऐकणाऱ्याला कहाणी अजून संपलेली नाही हे कळले पाहिजे. मग त्या किती वेळ धरून ठेवायच्या, ते त्याचे तो ठरवील.