खराब रस्त्याची मजा

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना बुलेट दुसऱ्या गिअरमध्ये धडधडत वळणं घेते, तेव्हा रस्ता जितका वाकडा तितका मला आवडतो. सातपुड्यात डांबर संपून कच्चा रस्ता लागला की आम्हा रायडर लोकांना अजूनच चेव येतो.

पण याच अक्राणी तालुक्यात, रस्ता न पोचलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून खाली आणावं लागलं आहे. मग प्रश्न पडतो, दुसऱ्याची अडचण ही माझी मजा असू शकते का?

मला वाटतं, फरक रस्त्यात नाही, सुटकेत आहे. माझ्याकडे 349 सीसीचं इंजिन आहे, जास्तीची क्लच केबल आहे, पंक्चर किट आहे आणि परतीचा दिवस ठरलेला आहे. हे कष्ट मी निवडलेत, हवे तेव्हा सोडूही शकतो. झोळी वाहणाऱ्यांनी काहीच निवडलेलं नाही.

म्हणून टूर सोडावी का? नाही. मी घरी बसल्याने पाड्यावर रस्ता होणार नाही. चूक सुरू होते ती ‘डांबर झालं, मजा गेली’ या वाक्यापासून. तिथे मी माझ्या दोन दिवसांसाठी कुणाची तरी वाट अडवून मागतो.

मोठी बाईक सांभाळणाऱ्याला तर हे आधी कळायला हवं. साधारण दर 500 किलोमीटरला चेन साफ करून तेल दिलं नाही, तर गाडी कधीतरी दगा देतेच. रस्त्याचंही तसंच. एकदा करून भागत नाही, दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागते. गाडीची जेवढी काळजी घेतो, तेवढाच आग्रह त्या रस्त्यासाठीही धरावा. घाट तरीही वाकडाच राहील. मजा कमी पडणार नाही.