क्रॅश रिपोर्ट आणि अनुमानप्रमाण

स्मार्ट टीव्हीवरचे अ‍ॅप कोसळताना त्याचे कारण कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. मागे राहते ती फक्त नोंद. नोंदीवरून कारणाचे खात्रीचे ज्ञान होते का, हा प्रमाणविचाराचा प्रश्न आहे आणि न्यायदर्शनाने तो बारकाईने सोडवला आहे.

अँड्रॉइड टीव्हीत नेटिव्ह कोड कोसळला की मरणारी प्रक्रिया स्वतःचा अहवाल लिहीत नाही. अँड्रॉइड 8 पासून त्या क्षणी क्रॅश डंप नावाची वेगळी प्रक्रिया उभी राहते, थांबलेल्या प्रक्रियेची रजिस्टर्स आणि स्टॅक वाचते आणि ‘टूमस्टोन’ नावाची फाइल लिहिते. तीत ‘सिग्नल 11’ दिसला, तर प्रक्रियेने नको त्या मेमरीला हात घातला एवढे कळते. हे झाले कार्य. कार्यावरून कारण ओळखणाऱ्या अनुमानाला शेषवत् म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण नदीचे आहे: पूर दिसला की वर पाऊस झाल्याचे समजते.

न्यायसूत्रांतच पुढे यावर आक्षेप येतो. नदी अडवली तरी पाणी चढते. मग पुरावरून पाऊस कसा सिद्ध व्हावा? भाष्यकाराचे उत्तर आजही तंतोतंत लागू पडते. नुसते पाणी चढणे हे पावसाचे लिंग, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, नव्हेच. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे यांसह चढलेले पाणी हे लिंग.

नुसत्या ‘सिग्नल 11’मागे शून्य पत्त्याचा पॉइंटर असेल, आधीच मोकळी केलेली मेमरी असेल, क्वचित खराब रॅमही असेल. पत्ता शून्याजवळचा असला तर पहिल्या कारणाला बळ मिळते. मोकळ्या केलेल्या मेमरीची गोष्ट अवघड आहे. तिथे स्टॅक अ‍ॅप कुठे पडले ते दाखवतो. चूक मात्र बऱ्याच आधी, दुसऱ्याच थ्रेडमध्ये झालेली असू शकते. अशा वेळी अन्वय-व्यतिरेकाला पर्याय नाही: संशयित कोड असताना अ‍ॅप कोसळते आणि दुरुस्त केल्यावर कोसळत नाही, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

नोंदच नसेल तर? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. टीव्हीत ही अट अनेकदा मोडते. मेमरी कमी पडली की यंत्रणा अ‍ॅपला सिग्नल 9 देऊन मारते. तो अ‍ॅपला अडवता येत नाही आणि त्याचा टूमस्टोनही बनत नाही. लॉगकॅट या अँड्रॉइडच्या चालू नोंदींत त्याची ओळ येते खरी, पण त्यांचे बफर गोल फिरते आणि नव्या ओळी जुन्या पुसतात. त्यामुळे ‘टूमस्टोन नाही, म्हणजे अ‍ॅप बिघडलेच नाही’ हा निर्वाळा टिकत नाही.

लॉगकॅटचे बफर रॅममध्ये असते आणि रीस्टार्टबरोबर जाते. दोष कळवायचा असेल, तर टीव्ही बंद करण्याआधी बगरिपोर्ट, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींचा एकत्रित अहवाल, काढून ठेवावा.