निग्रहाची मर्यादा

निग्रह हा स्वयमेव सद्गुण आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. पतंजलीने योगाची आठ अंगे सांगताना आरंभीचे स्थान यमाला दिले. तथापि कोणाला, कशासाठी आणि कोठपर्यंत आवरावयाचे, हे पाहिल्यावाचून निग्रहाची थोरवी ठरविता येत नाही. याचा एक दाखला आपल्या रक्तातच सापडतो.

गर्भातील मूल ज्या हिमोग्लोबिनवर जगते ते मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनहून निराळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद पडते. ते बंद पाडण्याचे मुख्य काम बीसीएल११ए या जनुकापासून बनणारे प्रथिन करते. गर्भ-हिमोग्लोबिनच्या जनुकापाशी बसून ते त्याचे वाचन होऊ देत नाही. आम्हां वकिलांच्या भाषेत हा कायमचा मनाई हुकूमच होय. बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही.

सिकलसेलच्या रोग्याची गोष्ट वेगळी. त्याचे मोठेपणीचे हिमोग्लोबिनच सदोष असल्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. निर्दोष गर्भ-हिमोग्लोबिनचे जनुक त्याच्यापाशी शाबूत असते, परंतु मनाईमुळे ते मुके राहते. भोपाळ ज्याची राजधानी आहे त्या मध्यप्रदेशात आणि शेजारच्या विदर्भात असे रोगी आदिवासी व दलित समाजांत पुष्कळ आहेत. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली.

मग तो निग्रह समूळ नाहीसा करावा काय? तसे करता येत नाही. हेच प्रथिन मेंदूच्या घडणीस आवश्यक असते. ज्यांच्यात जन्मतः या जनुकाची एक प्रत निकामी असते त्यांचे गर्भ-हिमोग्लोबिन टिकते खरे, पण बुद्धीची वाढ खुंटते. २०१३ मध्ये संशोधकांना जनुकाचा असा एक भाग ओळखता आला, की जो तांबड्या पेशींच्या वंशातच त्याला चेतना देतो. रोग्याच्या रक्तोत्पादक मूळपेशींत तेवढाच भाग छेदून त्या परत देण्याचा उपचार ब्रिटन व अमेरिका यांनी २०२३ च्या अखेरीस मान्य केला. कायदा तसाच ठेवून एका क्षेत्रापुरती सूट द्यावी, तसा हा प्रकार आहे.

मुल्कीच्या श्री वेंकटरमण देवस्थानाचा १९५७ चा निकाल वाचकांना ठाऊक असेल. गौड सारस्वतांच्या त्या देवळात सर्व हिंदूंना प्रवेश असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मात्र काही विशिष्ट विधींपुरता समाजाचा अधिकार राखला. ज्या बंदीने माणसे बाहेर राहत होती ती उठली, आणि उपासना अबाधित राहिली. नियम बहुतेकांस सुखाचा आहे, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. ज्याला तो जाचतो त्याचे गाऱ्हाणे ऐकावे लागते, आणि दाद देतानाही नियमाचे रक्षणीय अंग सांभाळावे लागते.

परंतु एक मनाई अद्याप उभी आहे. या उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषधही अनेक रोग्यांत गर्भ-हिमोग्लोबिन वाढविते. ते रोज व देखरेखीखाली घ्यावे लागते, म्हणजे पाड्यापाड्यावर दवाखाना हवा. रक्तातील मनाई निसर्गाची आहे. दारिद्र्याची मनाई आपण घातलेली आहे, आणि तिच्या समर्थनार्थ कोणत्याही यमाचा आधार आपल्याला घेता येणार नाही.