एका दमात

एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत जीएनएमच्या दोन विद्यार्थिनींची रात्रपाळी लागली होती. एक वर्गात पहिली येणारी. दुसरीला सगळे हळूबाई म्हणत, कारण ती साधा बीपी घ्यायला गेली तरी पेशंटच्या म्हशीची चौकशी करूनच परतायची.

भर पावसाळा. पहाटे एका शेतमजुराला आणलं. पोटात कळ, उलट्या, गिळताना अडकतंय. अंगावर खूण नाही, सूज नाही. "जेवणातून काहीतरी झालं असेल," घरचे म्हणाले.

हळूबाईने विचारलं, "दादा, झोपला कुठं होता?"

"खालीच. जमिनीवर."

त्याच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. पहिलीने तेवढ्यावरून ओळखलं, मण्यार. तिचे दात इतके बारीक की झोपेत चावलेलं कळतही नाही. तिने डॉक्टरांना उठवलं, प्रतिविषाच्या 10 कुप्या काढल्या, रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिन हाताशी ठेवलं. बोधकथेत हुशार माणसाला मूर्ख ठरवायची पद्धत आहे. ही मुलगी मात्र खरोखर हुशार होती.

प्रतिविष सुरू झालं. मॉनिटरवर ऑक्सिजन 98. "झोपू दे त्याला, दमलाय," पहिली म्हणाली.

हळूबाईने स्टूल ओढलं. "दादा, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. माझ्याबरोबर, याच चालीनं." तो 31 पर्यंत गेला. तिने लिहून ठेवलं. अर्ध्या तासाने 22. मग उशीवरून डोकं उचलायला सांगितलं, तर उचलेना. पुढच्या खेपेला 14, तेही नाकातल्या आवाजात. मॉनिटरवर 97.

तो कागद घेऊन इन्चार्ज सिस्टर तडक डॉक्टरांकडे गेल्या. फुफ्फुसं धडधाकट होती. थकत चालले होते ते श्वासाचे स्नायू. त्यात नाकाला ऑक्सिजन लावलेला. अशा वेळी मॉनिटरवरचा आकडा बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. तो कोसळायच्या आधीच घशात नळी गेली, व्हेंटिलेटर लागला.

"मशीनला विचारायचंच," सिस्टर पहिलीला म्हणाल्या, "पण आधी त्याला विचारायचं." पहिलीने ते वहीत लिहून घेतलं.

मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकांत भिनलं की प्रतिविषाने ते सुटत नाही. ती टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत दिवस जातात. तो चार दिवस ओंडक्यासारखा पडून होता. पापणी हलेना, टॉर्च मारला तरी बाहुली लहान होईना. असा पेशंट पाहिला की मेंदू गेला असं नवख्याला वाटतं. खरं तर विषाने स्नायू धरलेले असतात, शुद्ध नाही. गुंगीचं औषध उतरलं की त्याला सगळं ऐकू येतं, दुखतंही.

हळूबाई त्याच्या डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने मिटायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि हात लावण्याआधी सांगायची, "दादा, नळीतून कफ काढतेय, घशात टोचेल थोडं. आज गुरुवार. विष उतरतंय, हातपाय हलायला लागतील, घाबरू नका." पहिलीला हसू यायचं. कामात तीही कुठे कमी नव्हती. पण चादर बदलताना पेशंटच्या अंगावरून ती पलीकडच्या सिस्टरशीच बोलत राहायची.

पाचव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. आणखी दोन दिवसांनी नळी निघाली. घसा पार बसला होता. पहिली सलाईन बघायला आली, तसा तो हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या बहिणीला तो पुण्याचा मुलगा पसंत पडला का मग?"

पहिलीचा हात सलाईनवरच थांबला.

"आणि तुम्ही म्हणलात ना, घरच्यांना बोलवून घ्या, हा काय आता उठत नाही," तो म्हणाला, "तवा मी लई ओरडलो, ताई."