मज्जाव उठल्यानंतर

सार्वजनिक भूमीवर कोणास मज्जाव उरला नाही म्हणजे ती सर्वांची झाली, असे मानण्याकडे कारभार पाहणाऱ्यांचा कल असतो. नियम समान आहे, दार उघडे आहे; तरीही कोणी येत नसेल तर ती ज्याची त्याची आवड, असा हा युक्तिवाद. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा इतिहास पाहता तो आम्हांस अपुरा वाटतो.

१९०३ साली कॅलिफोर्नियातील सिक्वोया उद्यानाची देखरेख कॅप्टन चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे होती. त्यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी त्या उन्हाळ्यात महावृक्षांच्या वनापर्यंतचा गाडीरस्ता पुरा केला. त्यांच्याच समाजासाठी पुढे १९३९ मध्ये व्हर्जिनियातील शेनॅन्डोआ उद्यानात 'लुइस माउंटन' ही वेगळी जागा नेमून देण्यात आली. १९५० मध्ये तेथील विभाजन संपले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वाटेवरच्या हॉटेलांतील व उपाहारगृहांतील भेदभावही बेकायदा ठरविला. तथापि या उद्यानांत येणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने आजही कमीच आहे.

याचे कारण आवडीत शोधणे सोपे. परंतु आवडही वारशानेच येते. आजोबांनी नातवास तंबू ठोकावयास शिकवावे, तर आजोबांना तेथे मुक्कामाची मुभा असावयास हवी होती. रानाशी ज्यांच्या पूर्वजांच्या पाठलागाच्या आणि झुंडीने केलेल्या हत्यांच्या आठवणी जोडलेल्या आहेत, त्यांना ते विसाव्याचे स्थान सहज कसे वाटावे?

हक्क मिळणे आणि तो बजावता येणे यांतील हे अंतर महाराष्ट्राला नवे नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. अस्पृश्यांची ओंजळ त्या पाण्याला लागण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतरही त्यांना मार खावा लागला.

अमेरिकेत रू मॅप यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'आउटडोअर आफ्रो'चे कार्यकर्ते आपल्या लोकांना सोबतीने रानात नेतात. पण हा भार वगळलेल्यांनीच का वाहावा? उद्यानाच्या चौकीवर त्यांचीही माणसे असावीत, माहितीफलकांवर यंग यांच्या सैनिकांचा रस्ताही असावा, आणि एकांतात चालणाऱ्याइतकाच मान गोतावळ्यासह जेवावयास बसणाऱ्या कुटुंबालाही मिळावा.

परप्रांतांत विश्रामगृहांच्या आणि वनांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न दूरचा वाटू नये. मज्जाव न करणे ही न्यायाची सुरुवात होय. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले त्याला 'या, बसा' म्हणणे हे दुसरे पाऊल. आणि ते दार राखणाऱ्यानेच टाकावयाचे असते.